लहान मुलं घेऊन बेटावर जायचंय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांबरोबरच्या प्रवासाचे प्रश्न पाठवा असं म्हटलं आणि निम्म्याहून जास्त लोकांनी बेटांबद्दलच विचारलंय, निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं वगैरे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून ज्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेवढे घेतलेत.

ताई, मुलगी ४ वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा. आठवडाभर कुठल्यातरी छान बेटावर जायचंय. नवरा म्हणतो मालदीव, बहीण म्हणते बाली, मैत्रीण म्हणते मॉरिशस. फोटो बघितले की मला सगळंच आवडतं. ठरवायचं कसं आणि कुठल्या महिन्यात जायचं?
— गोंधळलेली आई

पहिलं काम म्हणजे ते फोटो बंद करा आणि नकाशा उघडा. फोटोत सगळी बेटं सारखीच दिसतात हो. तुमच्या घराच्या दारापासून तिथल्या पलंगापर्यंत किती वेळा वाहन बदलायला लागणार ते आधी मोजा. टॅक्सी, फ्लाइट, दुसरी फ्लाइट, बोट, परत गाडी. प्रत्येक बदलाला झोपलेलं पोर उचलायचं, बॅगा मोजायच्या, स्ट्रॉलर उघडायचा मिटायचा, आणि नेमकं तेव्हाच एकाला शी येणार. दोन बदलांपर्यंत ठीक, तिसऱ्यापासून मुलं आणि आईबाप दोघंही रडायला येतात असं माझं मत.

मालदीवचंच घ्या. तिथला मुख्य विमानतळ राजधानी मालेजवळ आहे आणि रिसॉर्ट्स आपापल्या बेटांवर, म्हणजे उतरल्यावर पुढे स्पीडबोट नाहीतर सीप्लेन. ही सीप्लेन्स फक्त उजेडात उडतात. तुमची फ्लाइट संध्याकाळी पोचत असेल तर ती रात्र विमानतळाच्या आसपास काढायची आणि सकाळी परत सगळं बोचकं उचलायचं. म्हणून मालदीवच जायचं असेल तर विमानतळापासून स्पीडबोटने जवळ असलेलं बेट बघा, लांबचं कितीही सुंदर असलं तरी. बाली आणि मॉरिशसला उतरलात की सरळ गाडीत बसून हॉटेल, बोटीची भानगड नाही, आणि बेटं मोठी असल्यामुळे हॉस्पिटल, मेडिकल, डायपरचं दुकान हे सगळं रस्त्याने गाठता येतं. एवढ्याशा बेटावर फार तर एखादा डॉक्टर असतो, पुढचं काही लागलं तर बोट, आणि समुद्र खवळला असेल तर तीही नाही. बुकिंगच्या आधी एकच प्रश्न मेल करून विचारा की लहान मुलांना दाखवता येईल असं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठे आणि रात्री तिथे कसं पोचायचं. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल बघा.

आता महिना. उष्ण कटिबंध म्हणजे बारा महिने सारखंच ऊन, ही समजूत डोक्यातून काढा. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे, नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. मालदीवला मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सून असतो, जानेवारी ते एप्रिल चांगले. मॉरिशस आणि रियुनियनकडे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त काळजीचे. कॅरिबियनचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त. पण त्याच कॅरिबियनमधली अरुबा, बोनेअर, कुरासाव ही बेटं दक्षिणेला आहेत, नेहमीच्या वादळांच्या वाटेवर सहसा येत नाहीत. विषुववृत्ताच्या अगदी जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम इतका कमी असतो की वादळाला गरगर फिरायला जोर मिळत नाही, म्हणून सेशेल्सच्या मुख्य बेटांनाही वादळं क्वचितच गाठतात.

आणि बिनसीझनला स्वस्त मिळतंय म्हणून जाणाऱ्यांना सांगते, पावसाचं फारसं काही नाही. उष्ण कटिबंधातला पाऊस बरेचदा धो धो पडतो आणि थांबतो, पोरं त्यात नाचतात सुद्धा. त्रास समुद्राचा. लाटा मोठ्या, पाणी गढूळ, किनाऱ्यावर लाल झेंडा, बोटी रद्द. चार वर्षांच्या मुलीला रोज समोर समुद्र दाखवून जायचं नाही म्हणायचं म्हणजे काय होईल ते तुम्हाला माहितीये.

अजून एक, बेटाची बाजू. एकाच देशात थायलंडचं फुकेत मे ते ऑक्टोबर पावसात आणि पलीकडच्या आखातातलं को सामुई ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जास्त भिजतं. हवाईच्या ओआहूवर हिवाळ्यात उत्तर किनाऱ्याला प्रचंड लाटा, जगभरचे सर्फर तिथे येतात ते उगाच नाही, आणि तोच किनारा उन्हाळ्यात शांत. बालीत कुटा, सेमिन्याककडे लाटा जोरात, सानुर आणि नुसा दुआकडे समोर प्रवाळाची रांग असल्यामुळे पाणी बरंच निवांत. ओहोटीला मात्र सानुरचं पाणी खूप आत जातं, तेव्हा पोरांना नुसती चिखल-वाळू मिळते, त्यांना तेही आवडतं म्हणा. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, आत लगून, म्हणजे लाटा बाहेरच अडलेलं उथळ पाणी. जून ते सप्टेंबर पूर्वेला वारा फार, म्हणून तेव्हा उत्तर किंवा पश्चिम किनारा.

तर तुमच्या घरच्या भांडणाचा निकाल असा, बहिणीला आणि मैत्रिणीला सारखे मार्क, नवऱ्याला जरा कमी. तुम्ही मे ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर मॉरिशसचा उत्तर-पश्चिम भाग किंवा सानुर, यातलं जिथे तुमच्या गावाहून वाहनं कमी बदलावी लागतात ते. पोरं दहा-बारा वर्षांची झाली की नवऱ्याला मालदीव दाखवा, मालदीव कुठे पळून जात नाही. (समुद्राची पातळी वाढतेय म्हणून फार पुढचा विचार केला तर प्रश्न आहे म्हणतात, पण तेवढी वर्षं तरी आहे.)

पाण्यावरच्या खोल्या असतात ना, खाली काचेतून मासे दिसतात, तिथे राहायची बायकोची लग्नापासूनची इच्छा आहे. मुलगा ३ वर्षांचा आहे. चालेल ना?
— एक नवरा

नाही. बऱ्याच रिसॉर्ट्समध्ये त्या खोल्यांना लहान मुलं चालतच नाहीत, काहींमध्ये बारा वर्षांची अट असते, आणि जिथे चालतात तिथे तुम्ही रात्रभर दाराची कडी तपासत बसाल. डेकला कठडा नसतो किंवा नावापुरता असतो आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तीन वर्षांचा मुलगा सकाळी तुमच्या आधी उठतो हे मी वेगळं सांगायला नको. वाळूवरची खोली घ्या, दार उघडलं की बाग, पुढे बीच. पाण्यावरची खोली बायकोला लग्नाच्या मोठ्या वाढदिवसाला द्या, मुलाला आजीआजोबांकडे ठेवून. आणि बुकिंग करताना हॉटेल 'फक्त मोठ्यांसाठी' तर नाही ना तेही बघा, पैसे भरल्यावर कळलेले लोक आहेत.

बाळ दहा महिन्यांचं आहे. सनस्क्रीन लावायचं का? कुठलं? कुणी म्हणतं लावूच नका, कुणी म्हणतं सारखं लावा.
— पहिलटकरीण

दोघंही अर्धं बरोबर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमचं बाळ दहा महिन्यांचं, म्हणजे लावायचं, पण सावली आणि कपडे पहिले आणि जे उघडं राहील तिथे सनस्क्रीन. लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट, मान झाकणारी टोपी. एसपीएफ ३० किंवा वर, उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की परत. झिंक ऑक्साइडवालं बाळांच्या नाजूक त्वचेला सहसा झोंबत नाही. कानाच्या पाळ्या आणि पायाची वरची बाजू, या दोन जागा सगळे विसरतात. नवं सनस्क्रीन असेल तर घरीच आधी हातावर थोडं लावून बघा.

ढग आलेत म्हणून गाफील राहू नका, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं खाली येतात. छत्रीखाली बसलात तरी कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के किरणं परत फेकतो, त्यामुळे सावलीत बसून पण बाळ लाल होऊ शकतं. यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, ३ किंवा वर गेला की काळजी घ्या म्हणतात आणि उष्ण कटिबंधात दुपारी तो ११ च्या पुढे सहज जातो, म्हणजे दहा ते चार बाळाला बाहेर काढायचंच नाही. झोपलेल्या बाळाच्या स्ट्रॉलरवर चादर टाकून तो पूर्ण झाकू नका, आत हवा तापते.

जिथे जाणार तिथला नियमही बघून घ्या. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने जानेवारी २०२० पासून आणि हवाईने जानेवारी २०२१ पासून प्रवाळाला घातक समजली जाणारी काही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातलीये, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली दोन नावं. बाटलीच्या मागे बघितलं की कळतं. बाळासाठी नुसतं झिंकवालं घेतलंत तर हा प्रश्नच येत नाही.

मुलगा ५ वर्षांचा, स्विमिंगचा क्लास लावला होता, टँकमध्ये मस्त पोहतो. समुद्रात दंडाला फुगे बांधून सोडलं तर चालेल का? आम्ही किनाऱ्यावरच बसलेले असणार.
— पोहणाऱ्याचे बाबा

या प्रश्नाला मी सगळ्यात मोठं उत्तर देणार आहे, वाचा पूर्ण.

टँकमध्ये पोहणं आणि समुद्रात पोहणं यात फार फरक आहे. टँकला कडा असते, तळ दिसतो, पाणी स्थिर असतं. समुद्रात पाय ठेवतो तिथली वाळू सुद्धा लाटेबरोबर सरकते, तोंडात खारं पाणी गेलं की पाच वर्षांचं पोर घाबरतं आणि शिकलेलं सगळं विसरतं. त्यामुळे क्लास झालाय ही चांगली गोष्ट पण त्यावर विसंबू नका.

दंडाचे फुगे, कमरेची रिंग, बदक, मगर ही सगळी खेळणी आहेत हो. फुगे निसटतात, हवा जाते, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर हवा भरलेली मगर पोरासकट आत जायला काही मिनिटं पुरतात. लाइफ जॅकेट वापरा, मुलाच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा जाणारं, म्हणजे खांद्याला धरून वर उचललं तरी डोकं त्यातून खाली सरकत नाही. तिथे मिळेल म्हणून जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी मोठ्यांचीच मापं असतात. घरून न्या, बॅगेत जागा खातं पण खाऊ दे.

आता "किनाऱ्यावर बसलेले असणार" याबद्दल. बुडणारं मूल हात हलवत ओरडतं हे पिक्चरमध्ये. प्रत्यक्षात ते आवाजच करत नाही, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कसं, आणि हे सगळं मिनिटाच्या आत. म्हणून नियम हाताच्या अंतराचा. मूल पाण्यात तर एक मोठा माणूस पाण्यात, हात पुढे केला की मूल सापडलं पाहिजे. किनाऱ्यावरच्या खुर्चीतून नुसतं लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही. आणि मोठा ग्रुप असेल तर उलट जास्त धोका, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा, ज्याची पाळी त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, आणि पाळी संपली की तोंडाने सांगायचं, "आता तू".

पोहायचे कपडे झगझगीत केशरी, पोपटी, गुलाबी असे घ्या. निळे आणि पांढरे पाण्यात दिसतच नाहीत, दुकानात मात्र लहान मुलांना नेमके तेच मिळतात.

झेंडे शिकून घ्या, मुलालाही शिकवा, पोरांना आवडतं. वर लाल खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्या दोघांच्या मधेच पोहायचं, तिथे लाइफगार्डचं लक्ष असतं. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे आहेत. एकही झेंडा नाही आणि लाइफगार्ड पण नाही अशा किनाऱ्यावर घोट्याच्या वर पाण्यात नेऊ नका.

आणि आत ओढणारा प्रवाह. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतोय, तर लोक बरोबर तिथेच पोराला घेऊन उतरतात, आणि बरेचदा तिथूनच पाणी परत समुद्रात जात असतं. तुम्ही स्वतः सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, तो पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की मग वळा. पोहायला जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा.

एवढं सगळं वाचून जायचंच नाही असं म्हणू नका, प्रवाळाच्या आतल्या गुडघाभर लगूनमध्ये तुम्ही दोघं बसा, तो दिवसभर बाहेर यायला तयार होणार नाही.

अरे हो, हॉटेलचा स्विमिंग पूल. पहिल्या दिवशी तुम्ही बॅगा उघडत असता आणि पोराने खिडकीतून पूल बघितलेला असतो. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दाराची वरची कडी चालते का ते बघा.

औषधं काय काय न्यायची? आणि डास, मलेरिया, डेंगी याचं काय? मुलं २ आणि ६ वर्षांची.
— काळजीवाहू

जायच्या चार ते सहा आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांना जाऊन भेटा, नेमक्या बेटाचं नाव सांगा, कारण बेट बदललं की उत्तर बदलतं. मालदीवला २०१५ मध्ये आणि श्रीलंकेला २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त जाहीर केलंय, पण पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वनुआतू इथे मलेरिया आहे आणि त्याची गोळी आधीपासून सुरू करावी लागते. हिपॅटायटिस ए ची लस एक वर्षानंतर देता येते, राहिली असेल तर विचारा.

डेंगी मात्र यातल्या खूप बेटांवर आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. म्हणजे संध्याकाळी दारं लावून घेतली की झालं असं नाही. दोन्ही मुलांना डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम चालतं (ते दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही चालत), पण लिंबाच्या वासाचं नैसर्गिक म्हणून जे निलगिरीचं तेल मिळतं ते तीन वर्षांच्या आत वापरू नका असं सांगतात, म्हणजे तुमच्या धाकट्याला नको. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून डासांचं. दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नका, सनस्क्रीन सारखं लावायला लागतं आणि डासांचं औषध तेवढ्या वेळा लावायचं नसतं. मुलाच्या तळहाताला लावू नका, तो हात तोंडात जातो. ताप आलाच तर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नाही, डेंगी असेल तर त्याने रक्तस्रावाची भीती वाढते. आणि परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगायचं की आम्ही अमुक बेटावर होतो.

पोट बिघडणं हे सगळ्यात जास्त होणारं. ओआरएसची पाकिटं भरपूर न्या आणि प्रत्येक पाकीट किती पाण्यात घालायचं ते वाचा, काही लिटरची असतात काही ग्लासभर पाण्याची, जास्त घट्ट झालं तर उलट त्रास. चमच्याचमच्याने द्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल पडलंय, शीमध्ये रक्त, यातलं काहीही दिसलं की थेट डॉक्टर. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना द्यायच्या नाहीत. आणि जुलाब सुरू असलेल्या मुलाला पूलमध्ये नेऊ नका, पोहायच्या डायपरने ते अडत नाही.

बाकी थर्मामीटर, मापाची सिरिंज, जखम धुवायचं औषध आणि पट्ट्या (प्रवाळाची साधी खरचट पण चिघळते, लगेच स्वच्छ पाण्याने नीट धुवा), ॲलर्जीचं औषध, नेहमीची जी असतील ती दुप्पट आणि अर्धी हातातल्या बॅगेत. पाण्यातले बूट सगळ्यांना. वाळूवर कुत्र्यामांजरांचा वावर असेल तर उघड्याने बसवू नका, खाली चटई घाला, त्या वाळूतून एका जंताची अळी कातडीत शिरते आणि खाजून खाजून जीव जातो.

माकडं दिसली तर फोटो लांबून. बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा, माकड, मांजर कुणीही चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी जायचं, घरी गेल्यावर बघू असं नाही. कॅरिबियनला जाणाऱ्यांनी मँचिनील नावाचं झाड विचारून घ्या, किनाऱ्यावरच वाढतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, विषारी, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगाला फोड येतात. दोन वर्षांची पोरं खाली पडलेलं सगळं तोंडात घालतात म्हणून सांगितलं.

आणि विमा घ्या, पण त्यात आजारी माणसाला दुसऱ्या ठिकाणी हलवायचा खर्च आहे का ते शोधा. छोट्या बेटांवर खरा खर्च तोच असतो.

मुलगी ट्रिपमध्येच २ वर्षांची होणार आहे. मांडीवर बसवून नेता येईल का? आणि कान दुखतात त्याचं काय?
— बजेटवाली आई

जाताना मांडीवर चालेल, येताना तिची सीट काढावी लागेल, बहुतेक कंपन्यांचा हाच नियम आहे कारण वय त्या त्या फ्लाइटच्या दिवशी बघतात. वाढदिवसाच्या आधी परत येत असाल तर वाचलात, तारखा हलवता येतायत का बघा. कानाचं म्हणाल तर जास्त त्रास विमान उतरताना, साधारण शेवटचा अर्धा तास, तेव्हा काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या, अंगावरचं दूध, बाटली, काहीही. सर्दी जोरात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पासपोर्टची मुदत परत आल्यावर सहा महिने तरी उरलेली असू दे, मुलांचे पासपोर्ट लवकर संपतात आणि लोक फक्त स्वतःचे तपासतात. एकटीच मुलीला घेऊन जाणार असाल तर तिच्या बाबांचं संमतीपत्र जवळ ठेवा.

मुलगा-सून मलाही नेतायत. नातवंडं ५ आणि २. मुलाने सात दिवसांचा तक्ता केलाय, त्यात अकरा ठिकाणं आहेत. मला वाचूनच दम लागला. बोलू का नको?
— आजी

बोला आजी, नक्की बोला, आणि हे पान त्याच्यासमोर ठेवा.

विषुववृत्ताच्या आसपास दिवस बारा महिने साधारण बारा तासांचाच असतो. सूर्य सहा-साडेसहाला मावळतो आणि संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, लगेच अंधार. थंड देशांसारखी रात्री नऊपर्यंतची संध्याकाळ इथे मिळत नाही. सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी चार ते सहा, एवढाच वेळ लहान मुलांना बाहेर ठेवण्यासारखा, मधे ऊन इतकं की मोठ्यांचं सुद्धा डोकं फिरतं. मग अकरा ठिकाणं बसवणार कुठे? एक दिवसाआड एक ठिकाण, तेही सकाळी, आणि पहिला दिवस पूर्ण मोकळा कारण वेळेचा फरक असेल तर मुलं पहाटे तीनला उठून खेळायला बसणार. अकरातली आठ ठिकाणं खोडा. दोन वर्षांच्या नातवाला धबधबा आणि हॉटेलच्या बागेतला नळ यात फारसा फरक वाटत नाही.

मुलाला वाईट वाटेल, त्याने मेहनत घेतलीये. त्याला सांगा की एक सकाळ तू एकटा जा, दुसरी सकाळ सून जाईल. बरोबर मोठी माणसं तीन आहेत तर त्याचा एवढा फायदा घ्यायचाच. पण आजी, तुमचीही एक सकाळ लिहून घ्या त्या तक्त्यात. तुम्हाला फिरायला नेतायत का सांभाळायला, हे निघायच्या आधीच हसत हसत ठरवून टाका, आणि खोली वेगळी मागा, दारं जोडलेली असली तरी चालेल पण दार हवं.

बोट लागते मोठ्या मुलाला. दोन तासांची फेरी आहे.
— थोडक्यात विचारतो

थोडक्यात सांगते. दोन ते बारा या वयात बोट सगळ्यात जास्त लागते, त्यामुळे तुमचा मुलगा काही वेगळा नाही. मधे किंवा मागे बसा, पुढे सगळ्यात जास्त आपटतं. फोन, पुस्तक काही नको, लांब क्षितिजाकडे बघायला लावा. उपाशी नको आणि भरपेटही नको. सकाळची फेरी घ्या, बऱ्याच ठिकाणी दुपारी वारा वाढतो. औषध डॉक्टरांना विचारून आणि एकदा घरी देऊन बघा, काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी भिंतीवर चढतात.

इतके पैसे खर्च करून नेणार, पण ३ वर्षांच्या मुलाला काही आठवणार आहे का? सासरे म्हणतात मोठा झाल्यावर न्या.
— वैतागलेला

नाही आठवणार. तुम्हाला आठवेल. तुम्हाला जायची इच्छा असेल तर तेवढं कारण पुरे, मुलाच्या नावावर खपवू नका आणि मग तो तिथे रडला की "तुझ्यासाठी आलो" असंही म्हणू नका. खर्च जड जात असेल तर सासऱ्यांचं ऐका, त्यात काही चूक नाही, उथळ पाणी आणि वाळू घराजवळ पण सापडते.

लेकीला शंख-शिंपले गोळा करायचा फार नाद आहे. पिशवी भरून आणू दे का?
— शिंपलेवालीची आई

बघू दे, मोजू दे, फोटो काढू दे, आणि परत तिथेच ठेवू दे. प्रवाळाचे तुकडे, शंख बाहेर न्यायला बऱ्याच देशांत बंदी आहे, मालदीवमध्ये प्रवाळ नेता येत नाही, विमानतळावर बॅग उघडतात आणि दंड होतो. आणि हिंदी महासागर, प्रशांत महासागराकडच्या बेटांवर शंकूच्या आकाराचे, सुंदर नक्षीचे शंख मिळतात त्यात जिवंत गोगलगाय असू शकते, ती विषारी काटा मारते, माणूस दगावल्याच्या घटना आहेत. रिकामा आहे का ते बघायला पोरं नेमकं बोट आत घालतात. तिला सांगा शंख हातात घ्यायच्या आधी मोठ्या माणसाला दाखवायचा. आणि छोटी बादली न्या बरोबर, संध्याकाळी वाळूवर शिंपल्यांची रांगोळी काढायची, भरती आली की पुसली जाते, दुसऱ्या दिवशी परत काढायची.